आधी सही, मग घर

अमेरिकेत घर पाहायला निघालेल्या ग्राहकापुढे एजंट आता पहिल्याच भेटीत एक करारपत्र ठेवतो. हा कागद आला कुठून, त्यात काय असते आणि सही करताना कोणती सावधगिरी बाळगायला हवी?

घर पाहावे बांधून नि लग्न पाहावे करून, ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. दोन्ही गोष्टींत माणसाची कष्टाची कमाई पणाला लागते आणि दोन्ही गोष्टींत मध्यस्थाशिवाय सहसा पान हलत नाही. नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना घर बांधण्याची यातायात बहुधा करावी लागत नाही, तयार घरच घ्यायचे असते. पण मध्यस्थ तिथेही असतोच. त्याला तिथे रिअल इस्टेट एजंट म्हणतात.

चारपाच वर्षे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढली, मूल शाळेत जाण्याच्या वयाचे झाले, की नवराबायको चांगल्या शाळेच्या हद्दीत घर शोधू लागतात. घरांचे फोटो पाहून होतात, एजंटाला फोन जातो, शनिवारची वेळ ठरते. पूर्वी एजंट सरळ घरे दाखवायला न्यायचा आणि कागदपत्रांची बोलणी घर पसंत पडल्यावर व्हायची. हल्ली घराचे दार उघडण्याआधीच करारपत्र पुढे येते, अनेकदा मोबाइलवरच. ‘ही फक्त औपचारिकता आहे,’ असे ऐकले की ग्राहक बोटाने सही करून मोकळा होतो.

वास्तविक ती औपचारिकता नसते. त्या एका सहीने हजारो डॉलरची जबाबदारी अंगावर येऊ शकते. ती किती येईल आणि केव्हा येईल, हे त्याच कागदात लिहिलेले असते. फक्त ते वाचायला कुणाला सवड नसते.

एजंट नेमका कुणाचा?

या कागदाला खरेदीदार-प्रतिनिधित्व करार म्हणतात. ‘मी घर विकत घेताना हा एजंट माझा प्रतिनिधी राहील आणि त्याच्या कामाचा मोबदला अमुक इतका असेल,’ एवढाच त्याचा गाभा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लेखी करार कशाला, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर तिथल्या दलालीच्या जुन्या पद्धतीत आहे.

अमेरिकेत घराच्या सौद्यात सर्वसाधारणपणे दोन एजंट असतात. एक विकणाऱ्याचा, दुसरा घेणाऱ्याबरोबर हिंडणारा. पण कितीतरी वर्षे हा दुसरा एजंटही कायद्याच्या दृष्टीने विकणाऱ्याचाच उपएजंट मानला जाई. ग्राहक त्याला विश्वासाने सांगे, ‘आम्ही चार लाख म्हणतोय, पण सव्वाचारपर्यंत जाऊ.’ आणि ही गोष्ट विकणाऱ्याच्या कानावर घालणे हे त्या एजंटाचे कर्तव्यच ठरे! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९८३ मध्ये या व्यवसायाचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा बहुसंख्य खरेदीदार त्या एजंटाला आपलाच माणूस समजत असल्याचे दिसून आले. त्यानंतर ‘मी कुणाचा प्रतिनिधी आहे’ हे एजंटाने ग्राहकाला सांगितलेच पाहिजे, असे नियम राज्याराज्यांतून झाले. १९९० नंतरच्या दशकात खरेदीदाराचा स्वतंत्र एजंट ही पद्धत रुळली.

माणूस खरेदीदाराचा झाला, पण त्याचा पगार मात्र पूर्वीप्रमाणे विकणाऱ्याच्या हातूनच होत राहिला. खरी गोम इथेच होती.

फुकटची सेवा फुकट नव्हती

घर विकणारा आपल्या एजंटाशी ५ ते ६ टक्के कमिशन ठरवी. त्याच्या एजंटाने घराची नोंद मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिसवर, म्हणजे एमएलएसवर करायची. ही त्या त्या भागातील विक्रीच्या घरांची एजंटांनी मिळून चालवलेली सामाईक यादी. या यादीत घर घालायचे तर ‘खरेदीदार आणणाऱ्या एजंटाला आम्ही इतके देऊ’ असा आकडा लिहिणे नियमाने आवश्यक होते. त्यामुळे कमिशनचे साधारण दोन सारखे भाग होत आणि एक भाग खरेदीदाराच्या एजंटाकडे जाई.

५ लाख डॉलरचे घर धरले, तर ६ टक्क्यांनी ३० हजार डॉलर होतात. त्यातले १५ हजार एकाचे, १५ हजार दुसऱ्याचे. घेणाऱ्याला वाटे, आपल्याला एजंट फुकटच मिळाला. पण विकणारा ते पैसे स्वतःच्या खिशातून थोडेच देत होता? तो ते घराच्या किमतीत धरूनच चालत असे, आणि ती किंमत खरेदीदार गृहकर्ज काढून वर्षानुवर्षे फेडत असे.

शिवाय ज्याचे बिल आपल्याला दिसत नाही, त्याच्याशी घासाघीस कोण करणार? घरे संगणकावर ग्राहक स्वतःच शोधू लागले, एजंटाचे अर्धे काम कमी झाले, तरी दर फारसे हलले नाहीत. यादीत कमी कमिशन लिहिलेली घरे काही एजंट ग्राहकाला दाखवायचेच टाळतात, असाही आरोप होत असे.

कॅन्सस सिटीचा निकाल

अखेर मिसुरी राज्यातील काही घर विकणाऱ्यांनीच २०१९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. खरेदीदाराच्या एजंटाचे पैसे आम्ही का भरायचे, आणि तशी सक्ती करणारा नियम म्हणजे स्पर्धेचा गळा घोटणेच नाही का, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या दाव्यात मुख्य प्रतिवादी होती नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स ही एजंटांची संघटना. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे सुमारे १५ लाख सभासद होते. ‘रिअल्टर’ हा शब्दही तिचाच नोंदणीकृत आहे. सभासद नसलेल्या एजंटाला तो लावता येत नाही.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटीच्या ज्यूरीने संघटनेविरुद्ध आणि तिच्याबरोबरच्या मोठ्या दलाली कंपन्यांविरुद्ध कौल दिला. नुकसानभरपाई ठरली सुमारे १८० कोटी डॉलर. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ही रक्कम तिप्पट होऊ शकते. १५ मार्च २०२४ रोजी संघटनेने तडजोड जाहीर केली. चूक कबूल न करता ४१ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे आणि आपले नियम बदलण्याचे तिने मान्य केले. न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या तडजोडीला अंतिम मंजुरी दिली. नवे नियम मात्र त्याआधीच, १७ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले होते.

नवे नियम काय म्हणतात?

पहिला बदल असा, की खरेदीदाराच्या एजंटाला किती देणार हे आता एमएलएसवर लिहिता येत नाही. विकणाऱ्याला हवे असेल तर तो अजूनही ते पैसे देऊ शकतो. पण ते बोलणीतून ठरवायचे, यादीतून नव्हे.

दुसरा बदल म्हणजे हे करारपत्र. एमएलएस वापरणाऱ्या एजंटाने ग्राहकाला घर आतून दाखवण्यापूर्वी त्याच्याशी लेखी करार केलाच पाहिजे. एजंट घरात उभा राहून मोबाइलवरून ग्राहकाला घर दाखवत असेल, तरी हा नियम लागू होतो. विक्रेत्याच्या एजंटाने ठेवलेल्या ओपन हाउसमध्ये कुणी नुसते डोकावले, किंवा एखाद्या एजंटाला त्याच्या कामाबद्दल व दराबद्दल चार प्रश्न विचारले, तर मात्र सही लागत नाही.

करारात काय असावे, हेही ठरले आहे. मोबदला स्पष्ट आकड्यात हवा: टक्केवारी, ठोक रक्कम किंवा तासाचा दर. ‘विकणारा जे देईल ते’ असे मोघम लिहिणे चालत नाही. करारात लिहिलेल्या रकमेपेक्षा एक डॉलरही जास्त एजंटाला कुणाकडूनच घेता येत नाही. आणि दलालीचा दर कोणत्याही कायद्याने ठरलेला नाही, तो वाटाघाटीने ठरवता येतो, हे वाक्य ठळकपणे छापावे लागते.

काही राज्यांनी स्वतःचे कायदेही केले. मराठी वस्ती मोठ्या प्रमाणावर असलेल्या न्यू जर्सीत ऑगस्ट २०२४ पासून दलालीच्या सेवेचा लेखी करार कायद्यानेच आवश्यक झाला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने व्यक्तिगत खरेदीदाराशी केलेला असा करार एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळाचा असू शकत नाही, आणि त्याची मुदत आपोआप वाढत नाही.

सही महागात कधी पडते?

करार वाईट नाही. न वाचलेला करार वाईट. समजा, एका कुटुंबाने ५ लाख डॉलरचे घर पाहिले आणि करारात एजंटाचे अडीच टक्के मान्य केले आहेत. म्हणजे १२,५०० डॉलर. विकणारा त्यातले २ टक्के, म्हणजे १० हजार देतो म्हणाला, तर उरलेले २,५०० कुटुंबाने भरायचे. विकणाऱ्याने काहीच द्यायचे नाही असे ठरवले, तर सगळे १२,५०० भरायचे. आणि तो ३ टक्के द्यायला तयार झाला, तरी एजंटाला १२,५०० च मिळणार.

ही रक्कम सर्वसाधारणपणे गृहकर्जात मिळवता येत नाही. क्लोजिंगच्या दिवशी ती रोख उभी करावी लागते. ५ टक्के डाउन पेमेंट करणाऱ्या कुटुंबाने २५ हजार डॉलर साठवलेले असतात. त्यावर अचानक १२,५०० ची भर पडली, तर हातातोंडाशी आलेले घर सोडावे लागते, नाहीतर पुण्या-मुंबईतल्या आईवडिलांना ठेव मोडायला सांगावे लागते. कमी बचत असलेल्या, पहिलेच घर घेणाऱ्या कुटुंबांना या नव्या पद्धतीची झळ अधिक लागते, ती यामुळेच. माजी सैनिकांच्या सरकारी गृहकर्ज योजनेत तर खरेदीदाराने एजंटाचे कमिशन देण्यास मुळातच मनाई होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ती तात्पुरती शिथिल करावी लागली.

दुसरा धोका ‘एक्सक्लुझिव्ह’ या शब्दात असतो. असा करार सहा महिन्यांसाठी केला आणि दोन महिन्यांनी एखाद्या मित्राने किंवा नातेवाइकाने परस्पर घर सुचवले, तर एजंटाने काहीही केलेले नसतानाही तो कराराप्रमाणे कमिशन मागू शकतो. एजंटाशी पटले नाही म्हणून मध्येच दुसरा धरला, तर दोघांचेही बिल अंगावर येण्याची शक्यता असते.

तिसरी गोष्ट म्हणजे मुदतीनंतरची शेपटी. करार संपल्यावरही पुढचे काही दिवस किंवा महिने, एजंटाने दाखवलेले घर घेतल्यास त्याला कमिशन द्यावे लागेल, असे कलम बहुतेक करारांत असते. ते अन्यायाचे नाही; त्याने मेहनत घेतलेली असते. पण ही शेपटी किती लांब आहे आणि ती कोणत्या घरांना लागू आहे, हे पाहायलाच हवे.

चौथी गोष्ट दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्या एजंटाची. पसंत पडलेले घर नेमके त्याच्याच कंपनीकडे विक्रीला असेल, तर तो दोन्ही बाजूंचा प्रतिनिधी होऊ पाहतो. मग किमतीवरून घासाघीस कुणी कुणासाठी करायची? फ्लोरिडा आणि कोलोरॅडो या राज्यांत अशा दुहेरी एजन्सीला मनाईच आहे. अन्यत्र ग्राहकाची लेखी संमती घेतात, आणि ती संमती अनेकदा याच करारातल्या एखाद्या चौकटीत असते.

एजंटांची बाजू

एजंटांचे म्हणणेही ऐकून घ्यायला हवे. तीन महिने दर शनिवार-रविवार ग्राहकाला घरे दाखवायची, बँकेच्या माणसाशी बोलायचे, घराच्या तपासणीला हजर राहायचे, आणि शेवटी त्याने दुसऱ्याकडून घर घ्यायचे, हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. त्यांना पगार नसतो. सौदा झाला तरच पैसे. लेखी करारामुळे कोण कुणासाठी काम करतो आहे, हे पहिल्या दिवशीच स्वच्छ होते, असे ते म्हणतात. ते खोटे नाही. जुन्या उपएजंटाच्या गोंधळापेक्षा ही पद्धत केव्हाही बरी.

पण घर पाहण्याआधीच सही, ही घाई सर्वांनाच पटलेली नाही. अमेरिकेच्या न्याय खात्यानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयापुढे शंका मांडली, की या अटीमुळे एजंटांमधल्या स्पर्धेलाच बाधा येऊ शकते. माणूस एकदा एकाशी बांधला गेला, की तो इतर चौघांचे दर विचारायला जात नाही. नव्या नियमांनी कमिशन झपाट्याने उतरेल ही आशाही पहिल्या वर्षात फळाला आली नाही. खरेदीदाराच्या एजंटाचा दर अडीच टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. नियमाने घासाघीस करण्याचा हक्क दिला. तो वापरायचा की नाही, हे ग्राहकाच्या हातात राहिले.

भीड आड येते

आणि इथेच आपला स्वभाव आड येतो. परदेशात आपली माणसे आपल्या माणसाकडेच जातात. एजंट महाराष्ट्र मंडळातला, गणेशोत्सवात भेटणारा, कुणाच्या तरी ओळखीचा असतो. त्याला दर कमी करा म्हणायला जीभ रेटत नाही. करार घरी नेऊन वाचतो म्हणायचीही लाज वाटते, कारण त्यात अविश्वास दिसेल असे वाटते. पण भीड भिकेची बहीण, हे आपल्याच आजीने सांगितलेले असते. चांगला एजंट या प्रश्नांनी रागावत नाही. उलट जो आपल्या मेहनतान्यावर बोलायला कचरत नाही, तोच उद्या घराच्या किमतीवरही ठामपणे बोलू शकतो.

नवराबायकोंपैकी एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने नुसती सही करायची, हेही चुकीचेच. घर दोघांच्या नावावर, कर्ज दोघांच्या नावावर. मग करार एकट्याने का वाचावा? आपण घरी असते म्हणून आपल्याला व्यवहार कळत नाही, असे समजणाऱ्या गृहिणींनी तर तो जरूर वाचावा. महिन्याचा खर्च पैन् पै जुळवणाऱ्या बाईच्या नजरेतून अडीच टक्के सहसा सुटत नाहीत.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात घर घेणाऱ्याकडे दलाल अशी सही मागत नाही. इथे अडचण उलटी आहे. जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीत बहुतेक बोलणी तोंडी होतात. एकच दलाल दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो आणि तो नक्की कुणाचा, हा प्रश्नही कुणी विचारत नाही. दलालीचा आकडा तर कित्येकदा विसार देताना प्रथम कानावर पडतो.

२०१६ च्या रेरा कायद्याने निदान नव्या प्रकल्पांपुरती शिस्त आणली. नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक सौद्यात आपला नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. प्रकल्पाची माहिती व कागदपत्रे ग्राहकाला मिळवून देणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. महारेराने २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सुरू केली. पण मोबदला किती आणि निष्ठा कुणाशी, हे दोन ओळींत लिहून घेण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. अमेरिकेतल्या या कागदापासून तेवढी एक गोष्ट इथेही घेण्यासारखी आहे.

सही करण्यापूर्वी

० घाई करू नये. दोनतीन एजंटांशी आधी बोलावे. नुसते बोलण्यासाठी सही लागत नाही. करार आदल्या दिवशी पाठवायला सांगावा आणि घरी शांतपणे वाचावा.

० पहिला करार लहान करावा. एका दिवसापुरता, किंवा ठरावीक दोनतीन घरांपुरता करार करता येतो. एजंटाचे काम पाहून मग मुदत वाढवावी.

० मोबदला आकड्यात लिहून घ्यावा. टक्केवारी असेल तर आपल्या बजेटातल्या घराच्या किमतीवर ती किती डॉलर होते, हे त्याच कागदावर मांडून पाहावे. ठोक रक्कम परवडते का, हेही विचारावे.

० विकणाऱ्याने पैसे दिले नाहीत तर काय, हे विचारावे. एजंट त्याच्याकडे ते मागणार आहे का? घराच्या ऑफरमध्येच तशी अट घालता येते.

० ‘एक्सक्लुझिव्ह’ शब्द, करार मोडण्याची अट आणि मुदतीनंतरचे कलम शोधून वाचावे. स्वतः शोधलेले किंवा नात्यातले घर करारातून वगळायचे असेल, तर ते लिहून घ्यावे.

० दुहेरी एजन्सीच्या चौकटीवर खूण करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

० तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ‘तुमच्याकडून मी काही घेणार नाही’ असे एजंट म्हणत असेल, तर तेच वाक्य करारात यायला हरकत नसावी.

० शंका असल्यास वकिलाला दाखवावे. न्यू जर्सीत एजंटाने तयार केलेल्या घरखरेदीच्या करारावर वकिलाकडून तपासणीसाठी तीन कामकाजी दिवस मिळतात. पण ती सवलत खरेदीच्या कराराची आहे. एजंटाबरोबरच्या करारात ती गृहीत धरू नये.

शेवटी, एजंटाला त्याच्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पूर्वी ते पैसे कुठून जातात हे ग्राहकाला दिसत नव्हते. आता ते त्याच्या नजरेसमोर, त्याच्याच सहीच्या वर लिहिलेले असतात. एवढे समोर आल्यावरही जो न वाचता सही करील, त्याला कोणताही नियम वाचवू शकणार नाही. घराची तपासणी करताना माणूस छप्पर गळते का पाहतो, नळ सोडून पाहतो, भिंतीवर ओल आहे का चाचपतो. तशीच दहा मिनिटे या दोन पानांना दिली, तर पुढच्या अनेक रात्री नव्या घरात निश्चिंत झोप लागेल.